गोदाक्काच्या चुलीचा धूर

खडकाळे गावच्या शाळेत, नववीच्या वर्गात, एक फार भोळा मुलगा होता. त्याचं नाव हणमंत. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. एकदा सांगितलं की त्याच्या डोक्यात ते कायमचं बसे. त्याच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होत.

लहानपणी वडिलांनी त्याला म्हशीबरोबर रानात पाठवलं आणि सांगितलं की म्हशीवरची नजर काढायची नाही. म्हैस शेजाऱ्याच्या उसात शिरली. हणमंतानं नजर काढली नाही. संध्याकाळी शेजारी भांडायला आला, तेव्हा म्हशीनं कुठल्या सरीपासून कुठल्या सरीपर्यंत खाल्लं, ते हणमंतानं त्याला बिनचूक सांगितलं.

तर असा हणमंत नववीत आला आणि मुळीक सरांच्या हाती लागला.

मुळीक सर विज्ञान शिकवत. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. ते म्हणत, आधी अडचण शोधा, मग वस्तू करा. अडचण शोधायला ते पोरांना लांब नेत नसत. वर्ग संपला की व्हरांड्याच्या टोकाला स्वयंपाकघर होतं, तिथं गोदाक्काकडे नेत. गोदाक्का शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण शिजवायची. सर तिला विचारत, गोदाक्का, सध्या काय नडतंय? ती सांगेल ते पोरांनी सोडवायचं. वाळू, विटा, पत्रे, जुन्या नळ्या, जे गावात फुकट पडलेलं असेल त्यातूनच करायचं.

गोदाक्का प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट सांगायची. धूर. गॅसची टाकी यायची तेव्हा यायची, बाकीचे दिवस लाकडं. स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि ती वाऱ्याच्या बाजूला होती, त्यामुळे बाहेर गेलेला धूर परत आत यायचा. गोदाक्काला खोकला लागला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आता धुरात बसायचं नाही. तिनं शाळेत सांगून टाकलं होतं की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत ती कसंबसं काढेल, त्यानंतर थांबेल.

ती थांबली तर जेवण टेम्पोनं येणार होतं. शेजारच्या गावाला तसंच येत असे. त्या खिचडीची चव खडकाळ्याच्या पोरांनी एकदा कबड्डीच्या सामन्यांच्या वेळी घेतली होती. परत येताना पोरं रडत होती. सामना हरल्याचं कुणाला काही नव्हतं.

धुराला उपाय सोपा होता. चुलीवर धुराडं बसवायचं आणि ते पत्र्यातून वर काढायचं. पण पत्रा हेडमास्तर देशमाने सरांचा होता. म्हणजे शाळेचाच, पण खेटे घालघालून तो त्यांनी मिळवलेला. आधीचं छप्पर गळायचं. हा गळत नव्हता. पाऊस पडायला लागला की देशमाने सर कोरड्या वर्गात उभे राहून वर बघत आणि त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा होई. धुराड्याचा विषय निघाला की ते म्हणत, पत्र्याला भोक पाडायचं नाही. धूर काय, चूल आली की थोडा असतोच.

"सवय होते, गोदाक्का," ते म्हणत.

गोदाक्का खोकत मान हलवायची.

म्हणून धूर बाजूला ठेवून मुळीक सरांनी इतर अडचणींना हात घातला. पहिली अडचण सरपणाची. सरांनी सूर्यचूल करायला घेतली. खोकं, आत डबा, वर काच. पोरांनी ती पेटी केली. त्यात खिचडी ठेवली आणि पेटी सांभाळायला हणमंताला बसवलं.

सर त्याला म्हणाले, "हे बघ, ऊन सरकेल तशी पेटी सरकवायची. पेटीवर सावली पडू द्यायची नाही."

हणमंत पेटी घेऊन अंगणात बसला. कडुलिंबाची सावली आली. त्यानं पेटी फाटकाशी नेली. फाटकाची सावली आली. त्यानं ती रस्त्यावर नेली. रस्त्याला झाडं होती, म्हणून तो रानात गेला. रानात डोंगराची सावली उतरायला लागली, म्हणून तो डोंगर चढायला लागला. सूर्य पुढे आणि हणमंत मागे, असे ते दोघे खिंडीपर्यंत गेले. तिथून सूर्य पलीकडे उतरला. हणमंताला त्याच्या मागं जायचं होतं, पण घरी सांगितलेलं नव्हतं.

इकडे पोरं ताटं मांडून बसली होती. शेवटी गोदाक्कानं चूल पेटवून पिठलं केलं आणि ते करता करता खोकली. अंधार पडायला हणमंत परत आला. खिचडी उत्तम झाली होती, असं त्यानं सांगितलं. खिंडीतल्या मेंढपाळांनी तसं बोलून दाखवलं होतं.

मुळीक सर रागावत नसत. पोरगं चुकलं की ते त्याला जवळ बसवून नीट समजावून सांगत. बाकीच्या पोरांसाठी ही पद्धत फार चांगली होती.

सर म्हणाले, "अरे, पेटी जागच्या जागी वळवायची. जागा सोडायची नाही. आतून काळा रंग असतो, वर काच असते. ऊन आत येतं, काळा रंग ते धरून ठेवतो, आणि काचेमुळे ते परत बाहेर जात नाही. एवढं लक्षात ठेव."

"बरं सर. आता कळलं," हणमंत म्हणाला.

आणि त्याला खरंच कळलं होतं.

पुढची अडचण भाजीची. बाजाराच्या दिवशी आणलेली भाजी दोन दिवसांत माना टाकायची. सरांनी पोरांकडून थंड पेटी बांधून घेतली. विटांची भिंत, तिच्या बाहेर दुसरी भिंत, दोन्हींच्या मध्ये ओली वाळू. आतली भाजी गार राहते. चैताली नावाची वर्गातली हुशार मुलगी होती, तिनं त्याचं चित्र काढलं होतं. भिंती झाल्या. वरचं राहिलेलं काम सुट्टीत करून ठेवतो, असं हणमंत म्हणाला. सर हो म्हणाले.

हणमंतानं पेटीला आतून काळा रंग दिला. वर्गातल्या कपाटाच्या दाराची काच काढून ती वर बसवली. पेटीवर कडुलिंबाची सावली येत होती, पण जागा सोडायची नव्हती. म्हणून त्यानं कडुलिंबाच्या फांद्या तोडल्या. मग त्यानं कोबी, मेथी, दोडके आत नीट लावून ठेवले आणि काच बंद केली.

सुट्टी संपल्यावर गोदाक्कानं काच उचलली. आतून वाफ आली. वाफ जाईपर्यंत सगळे थांबले. मग तिनं कोबीचं एक पान काढून तोंडात टाकलं.

"मीठ तेवढं घालायचं राहिलंय," ती म्हणाली.

सरांनी हणमंताला जवळ बसवलं. त्यांनी सांगितलं की असली वस्तू सावलीत ठेवायची असते. वर ओलं पोतं टाकायचं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. ओल मोडू द्यायची नाही.

"बरं सर. आता कळलं."

मग लाल मिरच्या आल्या. गावातल्या लोकांनी शाळेला वर्षाच्या तिखटासाठी दिलेल्या. त्या अजून नीट वाळलेल्या नव्हत्या आणि अंगणात पसरल्या की कोंबड्या त्यांत फिरायच्या. सरांनी वाळवणाचं यंत्र करायचं ठरवलं. लाकडी चौकट, आत जाळीचे कप्पे, वरून प्लास्टिकचा कागद. पोरांनी ते केलं. मिरच्या भरल्या. रोजची देखभाल हणमंताकडे आली, कारण तो विसरत नसे.

हणमंतानं यंत्र उचलून संडासाच्या मागच्या गार सावलीत नेलं. वर पोतं टाकलं. सकाळी पाणी मारलं. संध्याकाळी पाणी मारलं. एक दिवससुद्धा चुकवला नाही. घरी पाहुणे आले होते तेव्हाही तो जेवता जेवता उठून येऊन पाणी मारून गेला.

पोतं उचललं तेव्हा मिरच्यांवर पांढरी लव आली होती. काही मिरच्यांना कोंब फुटले होते. खालच्या कप्प्यातून एक बेडूक बाहेर आला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

"हणम्या, पुढच्या वेळी मासे सोड," चैताली म्हणाली.

पुढच्या वेळी मासे सोडायचे की काय, हे हणमंतानं सरांना विचारलं. सर नाही म्हणाले. सरांनी त्याला समजावलं की ओल घालवायची तर हवा खेळली पाहिजे. खाली भोकं, वर भोकं. खालून हवा आत येते आणि वरून बाहेर जाते. कोंडून काही ठेवायचं नाही.

"बरं सर. आता कळलं."

त्यानंतर पाण्याचा पिंप आला. गोदाक्काला पाणी लांबून उचलून आणावं लागायचं. खोकला असलेल्या बाईला घागर फार जड होते. सरांनी कुठून तरी एक मोठा प्लास्टिकचा पिंप मिळवला. पोरांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून विटांचा चौथरा बांधला, पिंप वर चढवला, खाली तोटी बसवली. उद्या नळाला पाणी आलं की भरायचा, असं ठरलं. हणमंताला फक्त पिंप आतून पुसायला सांगितलं होतं.

पुसताना त्याच्या लक्षात आलं की पिंप चारी बाजूंनी कोंडलेला आहे. त्यानं गिरमीट आणलं. खाली भोकं पाडली. वर भोकं पाडली. मग तो आत तोंड घालून उभा राहिला. हवा चांगली खेळत होती.

सकाळी नळाला पाणी आलं. पिंप जसा भरत होता तसाच रिकामा होत होता. बराच वेळ नळ आणि पिंप यांच्यात कोण जिंकतंय ते कळेना. गोदाक्काची लाकडं भिजली. त्या दिवशी ओल्या लाकडांचा धूर झाला आणि तो नेहमीच्या धुरासारखा नव्हता. गोदाक्का अर्धा स्वयंपाक टाकून बाहेर पायरीवर येऊन बसली. तिला बोलता येत नव्हतं. पोरं तिच्याभोवती नुसती उभी राहिली. हणमंतानं तिला पाणी आणून दिलं. पिंपातून नाही.

त्या दिवशी मुळीक सरांनी पहिल्यांदा जरा जोरात समजावलं. पाण्याला भोक म्हणजे नुकसान. दिसेल ते भोक बुजवायचं. एक थेंब बाहेर सांडता कामा नये.

"बरं सर. आता कळलं."

हणमंतानं पिंपाची सगळी भोकं बुजवली. तोटीसुद्धा बुजवली, पण ती चैतालीनं वेळेवर बघितली.

मग सरांनी परसबाग काढली. शाळेच्या मागं वांगी, मिरची, दोन शेवगे, लिंबाचं एक जुनं झाड. भांडी धुतलेलं पाणी वाया जात होतं, ते बागेला द्यायचं. ठिबकची जुनी नळी एका शेतकऱ्यानं दिली. पोरांनी ती बागेतून फिरवली आणि प्रत्येक रोपाजवळ नळीला बारीक भोक पाडलं. चांगलं काम झालं होतं. सगळे घरी गेल्यावर हणमंत सहज बघायला गेला आणि त्याला धक्का बसला. नळीला जागोजागी भोकं होती.

त्यानं एकेक भोक बुजवलं. अंधार पडला तरी हातानं चाचपून बुजवत राहिला. दुसऱ्या दिवसापासून एक थेंब कुठे सांडला नाही. काही दिवसांत वांगी सुकली.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं हणमंताला घरी बसवलं असतं. मुळीक सर त्याला बागेत घेऊन गेले आणि दोघं मातीत बसले. सरांनी हातात नळी धरून सगळं सांगितलं. नळी सगळ्यांपर्यंत गेली पाहिजे. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, असं होता कामा नये. नळीचं तोंड थेट मुळाशी. टोकाच्या रोपापर्यंत दाब पोचतो की नाही ते बघायचं, नाही पोचला तर मागून जोर द्यायचा. नवीन लावलेल्या रोपाला आधी द्यायचं. आणि मोठं झाड असेल तर त्याला दोन नळ्या.

"मोठ्याला दोन," हणमंत म्हणाला.

"हां. त्याची गरज जास्त असते."

"बरं सर. आता कळलं."

आणि या वेळी आश्चर्य घडलं. हणमंतानं सगळी नळी उकरून पुन्हा टाकली आणि ती बरोबर टाकली. टोकाच्या मिरचीपर्यंत पाणी गेलं. लिंबाला दोन नळ्या होत्या. बाग हिरवीगार झाली. देशमाने सरांनी प्रार्थनेच्या वेळी त्याचं नाव घेतलं. गोदाक्कानं त्याला न मागता दुसरी भाकरी वाढली. हणमंताच्या मनात हा धडा बाकीच्या सगळ्या धड्यांच्या वर जाऊन बसला.

आता प्रदर्शन जवळ आलं. तालुक्याहून एक साहेब बघायला येणार होते. पाहुणे असले की देशमाने सर फार मऊ असतात, हे मुळीक सरांना माहीत होतं. साहेबांसमोर गोदाक्काची चूल दाखवायची आणि साहेबांच्याच तोंडून धुराड्याचं निघेल असं बघायचं, असा त्यांचा बेत होता. पत्र्याला भोक पडेल ते नंतर. तोवर धुराड्याचं नळकांडं भिंतीतून बाहेर काढून ठेवायचं.

पण मध्येच सरांना गावी जावं लागलं. त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध होतं. तिचाही जन्म चुलीपुढेच गेला होता. सर त्याबद्दल शाळेत कधी बोलत नसत. धुराबद्दल मात्र फार बोलत.

जाताना त्यांनी हणमंताला बोलावलं. एवढ्यातच त्याचं काम चांगलं झालं होतं. ते म्हणाले, "स्वयंपाकघरात धूर राहता कामा नये. पत्र्याला भोक पाडायचं नाही. नळकांडं भिंतीतून बाहेर काढ. पुढचं मी आल्यावर बघतो."

सर एसटीत बसले. हणमंतानं चुलीच्या वर धूर ओढून घ्यायला पत्र्याचं छत्र बसवलं, भिंतीला भोक पाडलं आणि नळकांडं व्हरांड्यात काढलं. सांगितलेलं काम झालं. तो नळकांड्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. एवढा सगळा धूर इथं येणार आणि एका जागी पडून राहणार. बाकीच्यांचं काय?

ठिबकची बरीच नळी उरली होती. पीव्हीसीच्या नळ्यांचा ढीग शाळेच्या मागं होता.

हणमंतानं शाळेला सुट्टी असताना काम केलं. व्हरांड्याच्या आढ्याखालून मोठी नळी नेली. प्रत्येक वर्गाच्या झरोक्यातून एक फाटा आत सोडला. वर्गात प्रत्येक बाकापर्यंत बारीक नळी नेली आणि तिचं तोंड थेट बसणाऱ्याच्या पायाशी ठेवलं. कुणी वगळलं गेलं नाही ना, हे त्यानं पुन्हा फिरून बघितलं. टोकाच्या वर्गापर्यंत दाब पोचेल की नाही अशी शंका होती. म्हणून त्यानं अडगळीतून जुन्या कूलरचा पंखा काढला आणि मागून जोर द्यायला नळीच्या तोंडाशी बसवला.

शेवटी तो हेडमास्तरांच्या खोलीत आला. तिथं पाहुण्यांसाठी नवीन खुर्ची मांडली होती. नवीन रोपाला आधी. तिथं त्यानं पंख्याच्या सगळ्यात जवळचा फाटा सोडला. मग त्यानं देशमाने सरांची खुर्ची बघितली. शाळेत त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं. तिथं त्यानं दोन नळ्या सोडल्या.

चैताली तक्ते लावायला आली होती. तिनं विचारलं, हे काय रे? ठिबक, हणमंत म्हणाला. तिला वाटलं, कुंड्या येणार असतील.

देशमाने सरही एक चक्कर मारून गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पत्र्याला भोक नाही ना पाडलं?"

"नाही सर."

"शाबास," देशमाने सर म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळी शाळा धुतलेल्या कपड्यांत बाकांवर बसली होती. साहेब आले. त्यांना हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. नारळ दिला, शाल दिली. मुळीक सर सकाळच्या गाडीनं परत येऊन थेट खोलीत आले होते. हातात पिशवी तशीच. त्यांना स्वयंपाकघरात डोकवायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यांनी बसल्या बसल्या धुराचा विषय काढला.

देशमाने सर हसले. साहेबांना म्हणाले, आमच्या मुळीक सरांना धुराचा फार ध्यास. चूल म्हटलं की थोडा असतोच, साहेब. सवय होते.

तेवढ्यात तिकडे गोदाक्कानं चूल पेटवली आणि हणमंतानं पंखा चालू केला.

आधी साहेबांच्या खुर्चीखालून एक बारीक रेघ वर आली. साहेब खाली बघून म्हणाले, उदबत्ती लावली वाटतं. देशमाने सर म्हणाले, हो, आपल्या स्वागताला. मग त्यांच्या स्वतःच्या खुर्चीखालून दोन्ही बाजूंनी धूर वर आला आणि ते दिसेनासे झाले. आतून फक्त त्यांचं बोलणं ऐकू येत होतं आणि तेही थोडा वेळच.

पाचवीच्या वर्गातून खोकला ऐकू आला. मग सहावीच्या. मग दाब टोकापर्यंत पोचला आणि दहावीही खोकायला लागली. सगळी शाळा अंगणात आली. पोरं डोळे चोळत होती, मास्तर पोरं मोजत होते आणि चुकत होते. साहेबांची शाल त्यांच्या नाकाशी होती. डोळ्यांना पाणी मारायला सगळे पिंपाकडे धावले आणि मोठी माणसं पिंपाजवळच्या दारातून स्वयंपाकघरात शिरली.

आत लख्ख होतं. हवा स्वच्छ होती. गोदाक्का भाकऱ्या थापत होती आणि हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. ती खोकत नव्हती. त्या घटकेला शाळेत कोरडे डोळे तेवढेच होते. इतकी माणसं एकदम आत आलेली बघून ती उठली आणि तिनं देशमाने सरांना तांब्या भरून दिला.

देशमाने सर पाणी प्यायले. परत खोकले. परत प्यायले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "गोदाक्का, तू रोज... हे असं?"

"सवय होते, सर," गोदाक्का म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. तिला तसंच सांगण्यात आलं होतं.

साहेबांनी विचारलं, हा एवढा धूर आला कुठून? हणमंत पुढं झाला आणि त्यानं सगळं नीट सांगितलं. स्वयंपाकघरात धूर राहायला नको होता. एकट्या गोदाक्कालाच का द्यायचा? म्हणून सगळ्यांना सारखा वाटला. कुणाला कमी पडला असेल तर सांगावं.

साहेब म्हणाले की त्यांना पुरला.

देशमाने सर मोरीच्या कडेला बसले होते. त्यांच्या मिशा काळ्या झाल्या होत्या. ते खाली बघत म्हणाले, "मुळीक, पाडा पत्र्याला भोक."

मुळीक सरांना आधी खरं वाटेना. मग ते घाईघाईनं साहेबांना समजावून सांगायला लागले. धूर हलका असतो, तो वर जातो. जिथं जास्त धूर होतो, तिथं वर भोक ठेवायचं. सोपी गोष्ट आहे. ते बोलत असताना हणमंत तिथून गेला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं पत्र्यावर घाव पडायला लागले. सगळ्यांनी वर बघितलं. वर काही दिसेना. आवाज जरा लांबून येत होता.

खोलीत जाऊन बघितलं तर देशमाने सरांच्या खुर्चीच्या बरोबर वर आभाळ दिसत होतं. भोक गोल होतं, कडा व्यवस्थित वाकवलेल्या होत्या. हणमंत वरून आत बघत होता.

"इथं कुणी पाडायला सांगितलं?" देशमाने सरांनी विचारलं.

"सर, जास्त धूर इथंच होता. दोन नळ्या होत्या."

देशमाने सर बराच वेळ वर बघत राहिले. पत्र्याकडे बघतानाचा तो त्यांचा देवळातला चेहरा त्या दिवशी नव्हता. शेवटी ते म्हणाले, आता एक काय आणि दोन काय. दुसऱ्या दिवशी मुळीक सर स्वतः स्वयंपाकघरावर चढले, त्यांनी दुसरं भोक पाडलं आणि धुराडं बसवलं. हणमंताला त्यांनी शिडी धरायला सांगितलं आणि शिडी सोडून काहीही धरायचं नाही असं बजावलं. गोदाक्कानं चूल पेटवली. धूर सरळ वर निघाला. सर अंगणात उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. मग त्यांनी हात धुतले आणि ते वर्गावर गेले.

गोदाक्का शाळेत राहिली.

उरलं देशमाने सरांच्या खुर्चीवरचं भोक. त्यातून वळवाचा पाऊस आत येईल ही त्यांना काळजी. त्यांनी हणमंतालाच बोलावलं आणि म्हणाले, तूच पाडलंस, तूच वर काहीतरी बसव.

हणमंत भोकाखाली उभा राहिला. भोकातून ऊन आत येत होतं आणि थेट खुर्चीवर पडत होतं. त्याला मुळीक सरांनी अगदी पहिल्यांदा समजावलेलं आठवलं. सुट्टी होती तेव्हा त्यानं वर काच बसवली. खोलीला आतून काळा रंग दिला. खुर्चीलाही दिला. जागा सोडायची नव्हती, म्हणून खुर्ची फरशीला पक्की केली.

वरून बादलीभर पाणी ओतून बघितलं. एक थेंब आत आला नाही. देशमाने सर खूश झाले. रंगाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, धूर बसलेला असेल असं त्यांना वाटलं.

मग उन्हाळा लागला.

एके दिवशी दुपारी मुळीक सर, चैताली आणि हणमंत व्हरांड्यात बसले होते. गोदाक्का ताक घेऊन आली. जाता जाता तिनं हेडमास्तरांच्या खोलीच्या खिडकीतून आत बघितलं. देशमाने सर लालबुंद होऊन खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या डोक्यातून बारीक वाफ निघत होती. ती जरा थांबली. मग मुळीक सरांकडे वळून हळूच म्हणाली,

"मीठ तेवढं घालायचं राहिलंय."

मुळीक सर हसले. आधी नुसते हसले, मग त्यांना आवरेना, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या वर्षात त्यांना कुणी हसताना बघितलं नव्हतं. चैताली त्यांच्याकडे बघतच राहिली. गोदाक्कानं त्यांच्यापुढं ताकाचा पेला ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

त्यामुळं हणमंत उठून स्वयंपाकघरात गेला, तिथला मिठाचा डबा त्यानं काखेत मारला आणि हेडमास्तरांच्या खोलीचं दार उघडलं, हे कुणी बघितलंच नाही.